नळ ते बोर्ड, चार फूट

१ मे २०१९, बुधवार
आजपासून रोजनिशी. पुढंमागं कोणी विचारलं की तुमचं नाव लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या गाभ्यात, कसं गेलं, तर नोंद असलेली बरी.

प्रोजेक्ट असा. आमच्या एन-नाइन कॉलनीत आठवड्यातून एकदा नळाला पाणी येतं. वार ठरलेला, वेळ नाही. आलं की मोटार लावायची आणि गच्चीवरची टाकी भरून घ्यायची. त्या दिवशी घरटी एक माणूस अडकून पडतं. नळ उघडा ठेवून खाली स्टीलचं ताट पालथं घालायचं, ताट वाजलं की पळायचं. शेजारचे सर्जेराव वर्षानुवर्षं हेच करतात. दोन हजार एकोणीस साल चालू आहे.

मी नळाला सेन्सर लावणार. सेन्सर ब्लूटूथवरून बोर्डाला सांगणार, बोर्ड मोटार चालू करणार. बोर्ड म्हणजे पत्त्यांच्या कॅटएवढा अख्खा कॉम्प्युटर.

शीला म्हणाली, नळापासून बोर्ड चार फुटांवर आहे, वायर का नाय टाकत? बायको हुशार आहे, पण वायर टाकणं हे वायरमनचं काम. मी वाळूजच्या कंपनीत सिस्टिम ॲडमिन आहे.

३ मे, शुक्रवार
बोर्डावर ब्लूटूथची चिप आहे, पण कर्नलला ती दिसतच नाही. यूएसबीची असती तर स्वतः होऊन हात वर केला असता. ही सिरियल लाईनवर बसलीय. असली चिप आपण होऊन बोलत नाही. कर्नलला लिहून द्यावं लागतं की अमुक लाईनवर अमुक बाई बसल्यात, त्यांना आधी उठवा, मग त्यांच्या स्पीडनं बोला. लग्नात कोपऱ्यात बसलेल्या लांबच्या पाहुण्यासारखं. ओळख करून देईस्तोवर त्याला कोणी चहा विचारत नाही.

हातानं एक कमांड मारली की चिप चालू होते. मारून बघितली, झाली. पण लाईट गेली की पुन्हा मारा. हे काही खरं नाही. सपोर्ट कर्नलमध्येच टाकायचा, पॅच, म्हणजे दुरुस्तीचं ठिगळ, करून साऱ्या जगाला द्यायचा. आठवड्याचं काम.

नळाजवळ एकच सॉकेट आहे, मोटारीचं. आजचं पाणी भरून झालं होतं, म्हणून मोटारीचा प्लग काढून खिळ्याला अडकवला, तिथं बोर्ड लावला. तात्पुरतं. मल्टिप्लग आणायचाय.

७ मे, मंगळवार
मेहुणीची, सुकेशनीची सोयरीक जमली. मुलगा कन्नड गावचा, साखर कारखान्यात केमिस्ट. साखरपुडा एकोणीस तारखेला आमच्याकडं. सोयगावला सासूबाईंचं गाव टँकरवर आहे, तिथं पन्नास माणसं कशी करणार? शिवाय सासरे नाहीत. मोठा जावई मी. करता-सवरता मीच.

सुकेशनी धास्तावलीय. मागच्या वर्षी एक जमत आलेलं मोडलं. त्या लोकांना म्हणे पाहुणचार कमी पडला. तिनं दोनदा विचारलं, दाजी, पाण्याचं नक्की होईल ना? मी शब्द दिला. टाकी काठोकाठ असेल म्हणालो.

चिप चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, कंपाइल होत नाही. उकाडा फार आहे.

१० मे, शुक्रवार
पाण्याचा दिवस. मी कंपनीत. पाणी आलं तेव्हा शीलानं बोर्डाचा प्लग उपटला, मोटारीचा लावला आणि टाकी भरून मोकळी झाली. कशाची पर्वा नाही. बोर्डाचं मेमरी कार्ड करप्ट झालं, चार दिवसांचं काम गेलं. मी लई बोललो. ती म्हणाली, टाकी तर भरली ना?

सॉकेटवर जाड अक्षरात कागद चिकटवला: हा प्लग कोणीही काढू नये. कर्नल चालू आहे.

मल्टिप्लग राहिला.

१२ मे, रविवार
पॅच पाठवला. जगभरचे कर्नलवाले वाचतात त्या मेलिंग लिस्टवर. मिनिटाच्या आत उत्तर. आपल्याकडं कचेरीत असं होत नाही.

सायंकाळी: उत्तर रोबोटचं होतं. मेल साध्या टेक्स्टमध्ये नाही म्हणून परत केली. म्हणजे पॅचमध्ये चूक काढलेली नाही.

१३ मे, सोमवार
पुन्हा पाठवला. एका जर्मन माणसानं वाचला. म्हणतो, सब्जेक्ट चुकलाय, टॅबच्या जागी स्पेस आहेत, आणि हे खऱ्या हार्डवेअरवर चालवून पाहिलंय का? लॉग, म्हणजे मशीननं स्वतः लिहिलेली नोंद, जोडा. शेवटी विचारतो, नळाला ब्लूटूथ कशाला?

त्याच्याकडं चोवीस तास पाणी. त्याला काय सांगावं? तरी दीड पान सांगितलं. शुक्रवारी आमच्याकडं पाणी येईल, तेव्हा लॉग पाठवतो, असं कळवलं. आता मागं हटणं नाही.

१५ मे, बुधवार
ड्रायव्हर कंपाइल झाला. चिप बूटलाच जागी होते. मी गच्चीवर जाऊन एकटाच दोन फेऱ्या मारून आलो.

नळाला सेन्सर बसवला, ताट खालून काढून कपाटात ठेवलं. सर्जेराव कुंपणावरून म्हणाले, मी हायेच घरी, पाणी आलं का हाक मारतो. नको म्हटलं. टेस्टिंगमध्ये बाहेरची मदत चालत नाही. ते व्हय व्हय म्हणाले आणि आपलं ताट घासायला लागले.

१७ मे, शुक्रवार, सकाळी
रजा टाकली. शीला आणि सुकेशनीला औरंगपुऱ्याला खरेदीला पाठवलं. शीलाचा पाय निघत नव्हता. म्हटलं, बिनघोर जा.

दुपारी १.१०
आलं. स्क्रीनवर ओळ उमटली: पाणी आलं. चिप, ड्रायव्हर, कर्नल, सगळं एका दमात. खोलीचं दार लावून लॉग कॉपी करतोय. साधा टेक्स्ट. टॅब.

३.४०
मेल गेली. रोबोटनं परत केली नाही. बोर्डानं मोटारीला चालू हो म्हणून सांगितलं, तेही लॉगमध्ये आहे. मोटारीचा आवाज मात्र येत नाही. बाहेर सगळ्यांच्याच मोटारी चालू होत्या, त्यात कळलं नसेल.

सायंकाळी
शीला आली. गच्चीवर जाऊन टाकीत डोकावली. खाली येऊन खिळ्याला अडकवलेला मोटारीचा प्लग बघितला. मग सॉकेटवरचा कागद मोठ्यानं वाचला, दोनदा. पाणी कधीच गेलं होतं.

सुकेशनी साडीची पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसली आणि रडायला लागली. मला फार वाईट वाटलं. तिला लॉग दाखवला.

१८ मे, शनिवार
टँकर नाही. लग्नसराई, त्यात आज बुद्धपौर्णिमा. सोयगावची मंडळी सकाळीच आली आणि लेणीवर गेली. त्यांची आंघोळ सर्जेरावांकडं. साखरपुडाही आमच्याच गच्चीवर उरका, असं सर्जेरावच म्हणाले. शीला लगेच हो म्हणाली. मला विचारलं नाही.

तांत्रिकदृष्ट्या प्रोजेक्ट यशस्वी आहे. चूक सॉकेटची.

१९ मे, रविवार
साखरपुडा झाला. जेवण चांगलं झालं. पाणी मुबलक.

मी पाण्याचा जग घेऊन वाढत होतो. कोणीतरी करायला हवंच. कन्नडच्या मंडळींना वाटलं, घर सर्जेरावांचं, लगबग त्यांची, म्हणजे मोठे जावई तेच. टॉवेल-टोपी त्यांना केली. ते, अहो मी शेजारी, अहो मी शेजारी, म्हणत राहिले, पण टोपी डोक्यावर बसली होती आणि फोटोही निघाला. मुलाच्या चुलत्यानं मला हाक मारली: पाणीवाले, इकडं एक जग.

मी गेलो. जग दिला. कोपऱ्यात उभा राहिलो. चहा आला तो माझ्यासमोरून पुढं गेला.

शेवटी सुकेशनीनं बघितलं. मुलाला हाताला धरून माझ्यापर्यंत आणलं आणि म्हणाली, हे आमचे दाजी. तो पाया पडला. मग मला चहा मिळाला. थोडा गार होता, पण मी सगळा प्यालो.

२४ मे, शुक्रवार, सकाळी
जर्मन माणसाचं उत्तर. या चिपचा या बोर्डावरचा सपोर्ट कर्नलमध्ये आधीपासूनच आहे, तुमचं व्हर्जन जुनं दिसतं, अपडेट करा. टेस्टिंगबद्दल आभार. आणि नळाचं वाचून मजा आली, टाकी भरली का?

उत्तर दिलेलं नाही.

आज पाण्याचा दिवस. बोर्ड कपाटात ठेवलाय, ताट होतं तिथं. ताट नळाखाली आहे. मी ताटाजवळ, खुर्ची टाकून. शीलानं ड्युटी समजावून सांगितली. पाणी आलं की तिला हाक मारायची. मोटारीला हात लावायचा नाही, प्लग ती येऊन लावेल.