आजोबांना हलवणार आहेत

आदरणीय मेहुणेसाहेब यांस,

धाकटीच्या थोरल्या भावाचा नमस्कार पोचावा. तुमचा गुडघा कसा आहे? धाकटीचा खोकला थांबला का? नसेल तर लगेच दाखवून घ्या, खोकल्याचं काही सांगता येत नाही (आमच्या शेजाऱ्यांचंही खोकल्यावरूनच सुरू झालं होतं, पुढचं लिहीत नाही, तुम्ही घाबराल). मी इकडे बरा आहे, म्हणजे पत्र लिहिण्याइतपत. सहज आठवलं म्हणून विचारतो, तुमची मागची खोली अजून रिकामीच आहे ना?

कारण असं की, मला ऑफिसातून काढणार आहेत. उभं राहवेना म्हणून चौकीदारी सुटली, तेव्हा त्यांनी मला झाडांकडे लावलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. झाडं कुंडीतली, पण दहशत जंगलासारखी. एक पान गळलं की मी आधी इकडेतिकडे बघतो. कुणाच्या नजरेस पडायच्या आत मी ते खिशात टाकतो. परवा लिफ्टमध्ये रुमाल काढायला गेलो, तर सगळा पालापाचोळा साहेबांच्या बुटांवर. मध्यंतरी पानांना चकाकी यावी म्हणून डोक्याचं तेल चोळलं, तर त्यांवर अशी धूळ बसली की झाडं झाडत बसावं लागलं (चौथीपर्यंत शिकलो, पण झाडं झाडायचीही असतात हे कुठल्या पुस्तकात नव्हतं). त्यात मीटिंगच्या खोलीबाहेरचं उंच रबराचं झाड पिवळं पडू लागलं, तेव्हापासून जिवाला घोर. मला काळजी वाटली की मी पाणी घालतो. काळजी मला सारखीच वाटते.

तर सोमवारी झारी भरायला पँट्रीत गेलो आणि पार्टिशनपलीकडचं बोलणं कानावर पडलं. हिशेबाच्या बाई म्हणत होत्या, "आजोबा दिवसेंदिवस पिवळे पडत चाललेत हो." कोणी एक अनोळखी माणूस, आवाजावरून डॉक्टर वाटला, म्हणाला, "पायाशी पाणी साठलंय. वरून बरे दिसतात, पण खालून सडलेत." त्यावर साहेब, "मग जागा कशाला अडवतायत? शुक्रवारी हलवा." बाई बिचाऱ्या म्हणाल्या, "एकदा छाटून तर बघू."

मेहुणेसाहेब, शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे मलाच आजोबा म्हणतात. आणि पायांत पाणी साठलंय हे मला आमच्या डॉक्टरांनीही सांगितलं होतं (त्यांच्या पोटात काही राहत नाही, हे आता कळलं). क्षणभर वाटलं, बोलणं झाडाचंही असेल. पण कुंडीतल्या झाडाला कोण अहो-जाहो करतं? झाड पिवळं पडतं. पिवळे पडतात ते आजोबाच.

तेव्हापासून मी घोटभर पाणीही पीत नाही. पिवळेपणा झाकावा म्हणून गालांना पावडर लावतो, शिपाई विचारतो, "आजोबा, पिठाच्या गिरणीतून आलात का?" साहेब दिसले की ताठ उभा राहतो. आणि छाटणार म्हणजे काय छाटणार? पगार छाटला तर चालवून घेईन. पाय छाटला, तर तुमच्या मागच्या खोलीला पायऱ्या आहेत का? मी जागा फार घेत नाही, घोरतही नाही (धाकटी काही सांगेल, ऐकू नका).

तुमचा,
भेदरलेला मेहुणा

ता.क. : पत्र पेटीत टाकायचा धीर होईना, तेवढ्यात शुक्रवार उजाडला. हमाल ढकलगाडी घेऊन आला. तमाशा नको म्हणून डबा-छत्री मांडीवर घेऊन मी आपणहून गाडीवर बसलो. हमाल म्हणाला, "बाबा, उतरा. यावरून आजोबांना न्यायचंय." मी म्हटलं, "बसलेत." मग सगळं ऑफिस गोळा झालं. बाईंच्या डोळ्यांत हसून हसून पाणी. आजोबा म्हणजे ते रबराचं झाड, आणि डॉक्टर म्हणजे नर्सरीचा माळी! कोपऱ्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत असतात म्हणून ऑफिसातल्या मुलींनी त्यांना माझं नाव दिलं. आणि एकदा माझं नाव दिल्यावर अरे-तुरे करायला कुणाची जीभ वळेना. मला ठेवलंय. झारी तेवढी काढून घेतली. आता फक्त पानं पुसायची, तीही बिनतेलाची.

आणखी ता.क. : आजोबांना मात्र काढलं. सडलेली मुळं छाटून नव्या मातीत बसवलंय. ऊन मिळालं तर जगतील, नाहीतर कचऱ्यात जातील. माझ्या खोलीची खिडकी भिंतीकडे उघडते. म्हणून तुमची उन्हाची मागची खोली. रविवारी त्यांना घेऊन येतो, नाही म्हणू नका. माझ्या काळजीनेच सडलेत हो ते. मातीत बोट खुपसून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. आणि नुसती काळजी वाटली तर पाणी घालू नका, मला पत्र टाका.