शुक्रावरचा एक दिवस

पुणे, १४ मार्च १९९९

रंजनाच्या बापूंना उषाचा नमस्कार.

केदारखेड्याला सगळे बरे आहात ना? माझी काळजी करू नका. रोज मशीनखाली निजवून गळ्यातल्या गाठीला लाईट देऊन राह्यलेत, दुखत न्हाई बिलकुल. आता पातळ पेज बराबर उतरते. वेणी करंगळीएवढी झाली, ते रंजनाला सांगू नका.

शेजारच्या खाटेवर जालन्याच्या शरयूताई आहेत, शाळेत विज्ञान शिकवायच्या. काल दिवेलागणीला खिडकीतून शुक्राची चांदणी दिसली. मी हात जोडले, तर त्या म्हणल्या, "उषाबाई, ती चांदणी नाही. जवळजवळ आपल्या पृथ्वीएवढा गोळा आहे." तिथं म्हणे शिसं वितळेल एवढी धग अन् ढग तेजाबाचे! सूर्य उगवला की मावळायला आपले दोन महिने लागतात. अंगावर काटाच आला माझ्या.

डॉक्टरांनीही इथं राहायचे दोनच महिने सांगितलेत. मंग मी मनात धरलं, तिथल्या सकाळी घरून निघाले, दिवे लावायला परत येईन.

अजून ऐका. तिथं सूर्य पश्चिमेला उगवतो, खरंच! तुम्ही म्हणायचे, "सूर्य पश्चिमेला उगवला तरी मी चुलीपुढं बसणार न्हाई." अन् रंजनानं लिहिलंय, बापू भाकरी थापून राह्यलेत.

फुगते का हो? करपली तर करपू द्या. भाकरी अजून माझ्या गळ्याखाली उतरत न्हाई. तुमच्या हातची उतरेल.

खिडकीपाशी बसलेली,
उषा