गरीब दिसायचा फोटो

शुक्रवार, दिवेलागण

देवापुढे बसले, पण राग काही जाईना. आम्ही शिवतो त्या गोधड्या परदेशात जातात. गरीब देशांच्या मालाला तिकडे कर माफ आहे. ती सवलत आपल्याला पुढे द्यायची का, हे तिथले साहेब आता तपासतायत. म्हणून शेठनी त्यांना पाठवायला आमचे फोटो मागवले.

सुपरवायझर म्हणतो, "काकू, जुनी साडी नेसा, बांगड्या उतरवा. गरीब दिसायला पायजे."

शुक्रवारी सवाष्णीला बांगड्या उतरवायला सांगतो! मी म्हटलं, "तुझ्या आईला सांगशील का रे असं?"

"फोटोपुरतंच हाय ओ. सवलत गेली तर काम बी जाईल."

काटकसरीनं राहतो ते काय लोकांना दाखवायला? आणि बांगड्या... जीभ तरी कशी रेटली त्याची?

शेजारची हलीमाभाभी मुकाट्यानं बांगड्या काढू लागली. तिच्या एकटीच्या शिवणावर घर चालतं. मी तिचा हात धरला, मग सोडला. मला काय अधिकार? मी तेवढी बाजूला झाले.

फोटो काढताना तो तिला म्हणाला, "भाभी, हसू नका."

ती हसत नव्हतीच.