पोटाचं नव्हतं

८ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. खाणीतल्या धुळीने तुझा खोकला वाढल्याचं वहिनीकडून कळलं. तू स्वतः काही कळवणार नाहीस, हे ठाऊकच आहे.

ठमीचं पोट बरं होत नाही. नववं वर्ष लागलं, पण अंगावर मांस नाही. नुसती बसलेली असताना पोट धरून वाकते, चुन्यासारखी पांढरी पडते, फ्रॉक घामाने पिळून निघतो, मग ओकते. थोड्या वेळाने काही झालंच नाही अशी पुस्तक उघडून बसते. डॉक्टरांनी आतड्याचा आजार ठरवलाय. गहू बंद, दूध बंद, जंतांचं औषध झालं, नळी घालून आतून बघितलं. काही सापडलं नाही, तेव्हा म्हणाले की पोट नाजूक आहे.

यांना वाटतं, शाळा बुडवायचे चाळे आहेत. परवा गॅरेजमधून दमून आले आणि पोरगी ताटावरच ओकली. यांनी तिचा जबडा धरून चमचा आत कोंबला. पुढचा दात तुटला, रक्त ताटात पडलं. मी शिवलेल्या गणवेशांना इस्त्री करत होते. तीच तापलेली इस्त्री यांच्या हातावर टेकवली आणि पोरीचा जबडा सुटेपर्यंत उचलली नाही. कातडी इस्त्रीला चिकटून आली. मला वाईट वाटलं नाही, हे फक्त तुला लिहिते.

रागावलास तरी इकडे येऊ नकोस. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
धाकटी


१७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून तुझ्या वहिनीने माझ्या मोटरसायकलची किल्ली लपवली, नाहीतर मेहुण्यांचा दुसरा हातही कामातून गेला असता. इस्त्रीचं म्हणशील, तर आबांची लेक शोभतेस.

ठमी पांढरी पडते, हे वाचून तेच आठवले. त्यांना असा घाम फुटला की आई आपल्याला न्हाणीघरात कोंडायची, कारण पाठोपाठ हाताला लागेल ते भिरकावलं जायचं. मी एकदा आत जायला उशीर केला आणि पाट लागून माझा खांदा निखळला. लोक त्यांना तापट म्हणायचे. मीही तसाच. घराण्याचं रक्तच उकळतं. ठमी ओकते, आम्ही फोडाफोडी करतो, एवढाच फरक.

पोरीला मोठ्या दवाखान्यात ने. आणि मेहुण्यांना सांग, पुन्हा तिच्या तोंडाला हात लावला तर सुरुंग फक्त खडकालाच लावायचा असतो, हे मी विसरेन.

खोकला बरा आहे. ठमीला मामाचा पापा.

तुझा,
दादा


३ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. हे पत्र बसूनच वाच.

पंधरवड्यापूर्वी ठमीचं पोट इतकं दुखलं की तिने स्वतःचा हात चावून रक्त काढलं. मोठ्या दवाखान्यात नेलं. अपेंडिक्स असेल, लगेच पोट उघडायचं ठरलं. ढकलगाडीवर घालून तिला ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत नेलंसुद्धा. तिथे भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला. मग पट्टा बदलून पुन्हा मोजला, दोन्ही वेळा भलताच चढलेला निघाला, आणि म्हणाल्या की या पोरीला मी भूल देणार नाही.

पोरगी किंचाळत होती. यांनी बाईंच्या तोंडावर बुक्की मारली. त्या भिंतीवर आदळल्या, ओठ फाटला. वॉर्डबॉय यांच्यावर तुटून पडले. बरगड्या मोडल्याचा आवाज मी ऐकला. बाई जमिनीवर बसल्या होत्या, कोटावर रक्त गळत होतं, आणि त्या मला विचारत होत्या, तुमच्या घरात कोणी टेबलावर दगावलं होतं का.

मी सांगितलं, माझे वडील. हर्नियाचं साधं ऑपरेशन होतं.

ठमीचं पोटाचं दुखणं पोटाचं नाहीच, दादा. मूत्रपिंडाच्या वर टोपीसारखी एक ग्रंथी असते, तिच्यात गाठ आहे. ती मधूनच रक्तात असा रस सोडते की रक्तदाब एकदम चढतो. घाम, ओकारी, कळा, सगळं त्यातूनच. तयारीशिवाय भूल दिली असती, तर पोरगी परत आली नसती. आजार घराण्यातून येतो, आणि तो आपल्याकडून आलाय. माझ्या रक्तातही निघाला, गाठ अजून नाही. आबांनाही हेच असावं, असं बाई म्हणाल्या.

म्हणजे त्या सर्जनची चूक नव्हती. तू सलाइनच्या दांड्याने ज्याचा डोळा फोडलास आणि ज्याच्यापायी तुरुंगात गेलास, तो.

तू तपासून घे. मी हात जोडून लिहिते आहे.

तुझी,
धाकटी


२ एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझं उत्तर नाही. वहिनी लिहिते की तू कपाटाचं दार उखडलंस आणि दोन दिवस खाणीतून घरीच आला नाहीस. तरी लिहिते.

ठमीची गाठ निघाली. आधी बरेच दिवस गोळ्या देऊन रक्तदाब ताब्यात आणला. तरीही सर्जनने गाठीला हात लावताच तो उसळला आणि गाठ निघताच धाडकन पडला. उशाशी त्याच बाई होत्या, ओठाला टाके असलेल्या. त्यांनी तो धरून ठेवला. काल ठमीने दोन ताटं जेवून तिसरं मागितलं.

यांनी बाईंची माफी मागितली. त्यांनी माफ केलं नाही, पोलिसांत तक्रार केली. मी साक्ष दिली. पोरीच्या दाताचंही सांगितलं. हे आत आहेत. आम्ही दोघी शिवणयंत्रासह वेगळ्या खोलीत आलो आहोत.

रुसलास तर रुस, पण तपासून घे.

तुझी,
धाकटी


२१ एप्रिल

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. ठमीला म्हणावं, चौथं ताट मामाकडून.

तुझ्या वहिनीने अखेर मला दवाखान्यात ओढून नेलं. मलाही आहे, डाव्या बाजूला. पुढच्या महिन्यात टेबलावर घेतील. गोळ्या सुरू झाल्या आणि हात शांत झाले. इतकी वर्षं ज्याला स्वभाव म्हणत होतो, त्यातला किती माझा आणि किती गाठीचा, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

काल त्या सर्जनकडे गेलो. म्हातारा झालाय, काठी टेकत चालतो. डोळ्याची खोबण तशीच आहे. मी कोण ते सांगितलं, आबांचं सांगितलं, ठमीचं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. पोरीला आधी कोणत्या गोळ्या दिल्या, किती दिवस दिल्या, हे विचारून मान हलवली. मग काठी उचलली आणि मला झोडपलं. पाठीवर, दंडावर, मांड्यांवर, दम लागेपर्यंत. त्याची सून सोडवायला धावली, तर मीच तिला थांबवलं. एकदा काठी पोटाच्या दिशेने आली आणि हवेतच थांबली.

धापा टाकत तो म्हणाला, पोटावर मारत नाही, गाठ चेपली तर इथेच मरशील. हे तेव्हा माहीत असतं, तर तुझ्या बापाच्या पोटाला मी हात लावला नसता.

पाठ अजून ठणकते आहे, म्हणून पत्र इथेच संपवतो. जीव लाव, तसाच.

तुझा,
दादा