मेण लावलेलं अंडं

मंगळवार, ३

नाही, परत पाठवणार नाही. तूही आईची बाजू घेऊ नकोस. कोरं पान आहेस, जरा ऐकून घे.

पार्सल बाबांच्या नावाने आलं. पोस्टमनने विचारलं, "साहेब आहेत?" मी म्हटलं, "सही मी करते." बाबांना जाऊन महिना झाला, हे त्याला उंबऱ्यात उभं राहून काय सांगायचं. आत भुशात बसवलेली डझनभर अंडी. काळ्या कोंबड्यांची. आजारी पडायच्या आधी बाबांनी नंबर लावला होता — तो आत्ता लागला.

आई शिलाई मशीनवरून उठलीसुद्धा नाही. "परत कर."

"मी उबवते."

"तू? पंचवीस तारखेला तू निघालीस नव्या नोकरीच्या गावाला. अर्धवट टाकून जायची सवयच आहे तुम्हा बापलेकीला."

बापलेकीला! गेलेल्या माणसालाही सोडलं नाही. मी म्हटलं, "मग बोलूच नकोस माझ्याशी."

एका अंड्याला केसाएवढी चीर गेली होती. मेणबत्ती पेटवून मी त्यावर मेण ओतलं. आई बघत होती. "फुटकं टाकून दे. नासेल." त्यानंतर तिने तोंड मिटलं ते मिटलंच.

बुधवार, ४

प्रवासात अंडी हादरतात, म्हणून कालपासून टोक खाली करून नुसती ठेवली होती. आज पेटीत घातली. बाबांनी स्वतः बनवलेली पेटी — लाकडी, आत दोन बल्ब, पाण्याची वाटी, वर काच. सकाळ-संध्याकाळ अंडी अर्धी फिरवायची, वरची बाजू खाली. नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं आणि तिथेच मरतं. लोक अंड्यांवर पेन्सिलने खुणा करतात. बाबा करायचे नाहीत. "हाताला कळतं," म्हणायचे. मग मीही केल्या नाहीत.

शुक्रवार, ६

आई ताट झाकून ठेवते. मी ते घासून पालथं घालते. सध्या एवढंच बोलणं.

रविवार, ८

आई फोनवर मावशीला सांगत होती, मला ऐकू जाईल अशा बेताने — "कसली उबवतेय! दोन दिवसांची हौस. पेटीकडे फिरकत नाही बाई."

फिरकते. सकाळी कामाला निघताना आणि संध्याकाळी आंघोळीला जायच्या आधी. ती मशीनवर असते, तिची पाठ असते बाबांच्या खोलीकडे. आणि मी सांगणार नाही. तिने विचारावं की.

गुरुवार, १२

प्रेसमध्ये दोन पानांची प्रूफं न वाचताच पुढे सरकवली. कुणाच्या लक्षात आलं नाही. पेटीचा उजेड बाबांच्या मोकळ्या कॉटवर पडतो. आईने त्यावरची चादर अजून बदललेली नाही.

रविवार, १५

आई कापड आणायला गेली होती. बाबांच्या खोलीत पडदे ओढले आणि एकेक अंडं बॅटरीवर धरून पाहिलं. जिवंत असेल तर आत लाल शिरांचं जाळं दिसतं, काहीतरी हलतं.

पहिल्यात — एका बाजूला काळा डाग, भोवती रक्ताची कडी. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तेच.

मेण लावलेल्या अंड्यात जाळं होतं. हलत होतं. तेवढंच एक.

एक मेलेलं फोडलं. इवलासा जीव कवचाला चिकटलेला. म्हणजे फिरवलं गेलं नव्हतं. पण मी फिरवत होते! देवाशप्पथ, एकही वेळ चुकवली नाही.

हात धुवायला गेले तर बोटं निळी. परत येऊन अंडी उजेडात धरली. प्रत्येकावर पुसट निळे ठसे — कापड आखायच्या खडूचे. आईच्या बोटांचे. फक्त मेणाच्या अंड्यावर एकही नाही. ते तिने टाकूनच दिलं होतं ना, मनाने.

मी कामाला गेले की ती फिरवत होती. मी आंघोळीला गेले की पुन्हा. मी वरची बाजू खाली करायची, पाठोपाठ ती खालची वर. पोरीला हौस नाही, निदान आपण तरी बघावं, म्हणून. सगळी अंडी सुरुवातीपासून एकाच कुशीवर.

सोमवार, १६

काय सांगू तिला? "आई, आपण दोघींनी मिळून मारली"? इतक्या दिवसांनी पहिलं वाक्य हे?

मंगळवार, १७

मेलेली काढून टाकायला हवीत. एखादं नासून फुटलं तर जिवंतही जाईल. पण पेटी रिकामी दिसली की सांगावं लागेल. आता मी फक्त मेणाचं फिरवते.

आज चप्पल घालून जिन्यात थांबले आणि दाराच्या फटीतून पाहिलं. आई मशीन थांबवून आत गेली. काच उचलली. मेलेली अंडी एकेक करून, दोन्ही हातांनी, झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तशी फिरवली. मग कॉटच्या कडेला बसून राहिली.

रविवार, २२

शेवटचे तीन दिवस. आजपासून फिरवायचं नसतं. नुसती वाट बघायची. आईही आत गेली नाही. तिने दिवस मोजले होते. वाटी मात्र माझ्याआधीच भरलेली.

मंगळवार, २४

बॅग भरली. संध्याकाळी पेटीतून बारीक आवाज आला, कवचाच्या आतून. चिव. मशीन थांबली. आम्ही दोघी पेटीच्या दोन बाजूंना उभ्या. ती काचेत बघत होती, मी तिच्याकडे.



बुधवार, २५

स्टँडवर लिहितेय. सकाळी पिल्लू बाहेर आलं. काळं, ओलं, पाठीला मेणाचा कपटा. एकटंच ओरडत होतं. आईने टाचण्यांच्या गादीतल्या सगळ्या टाचण्या काढल्या आणि ती गादी त्याला टेकायला दिली. गप्प झालं.

मी म्हटलं, "बाकीची पोस्टातच मेली असणार."

आईने स्वतःच्या निळ्या बोटांकडे पाहिलं. मग पिल्लाकडे.

"फुटक्याला तर मी हातच लावला नव्हता," ती म्हणाली. "मग हे... तू पण..."

"गाडी चुकेल," म्हणत मी बॅग उचलली आणि दार ओढून घेतलं.

कोपऱ्यापर्यंत कान मागेच होते. मशीन सुरू झाली नाही.