भिंतीकडे तोंड करून

माय, तू गेलीस तेव्हा आपल्या घरात साधा फोनही नव्हता, म्हणून आधी आजकालची तऱ्हा सांगते. लोक ताट देवाला दाखवण्याआधी मोबाइलला दाखवतात. दवाखान्यात बापाला सलाईन लागलं की आधी फोटो, मग डॉक्टरला प्रश्न. गावाला निघाले की घराला कुलूप असल्याचं स्वतःच जगाला कळवतात, आणि चोरी झाली की पोलिसांच्या नावाने बोंब मारतात. कोणी मागितलेलं नसतं. आपल्याच हाताने घराच्या भिंती पाडायच्या आणि वर विचारायचं, कसं वाटलं? अंगाचा तिळपापड होतो माझ्या.

तू लग्नघरी पुरणाचे मांडे करायला जायचीस आणि मी पीठ मळायला सोबत. मांडे भाजायचं खापर चुलीवर पालथं घालण्याआधी तू चूल भिंतीशी मांडून घ्यायचीस आणि घराकडे पाठ करून बसायचीस. असं बसलं की धुराचा त्रास होत नाही, असं लोकांना सांगायचीस. धरणगावच्या एका घरी नवरी आतल्या खोलीत रडत होती, ते मी दुसऱ्या दिवशी नळावर चार बायांना सांगितलं. तू तिथेच येऊन पिठाच्या हाताने माझ्या कानाखाली वाजवलीस. "दुसरानी चूल देखी, ती तठेच सोडी येवानी," म्हणालीस. दुसऱ्याच्या घरातलं तिथेच सोडून यायचं; पाठ करून का बसतेस, ते मला त्या दिवशी कळलं.

आता मांडे मी करते. चूल भिंतीशीच मांडते, तुझ्यासारखी. पण मागच्या महिन्यात धुळ्याच्या एका लग्नघरी मी समोरच्या भिंतीला मोबाइल टेकवून व्हिडिओ घेतला आणि तो जगाला दाखवला. हातावर मांडा मोठा होत जातो, ते बघायला लोकांना आवडतं. माझी पाठ घराकडे होती आणि मोबाइलचं तोंड घराकडे होतं, हे या शहाणीच्या ध्यानातही आलं नाही. मागच्या खोलीत नवरीला हळद लागत होती, दाराचा पडदा सरकलेला. तिच्या पाठीवरचे पांढरे डाग माझ्या मांड्यासोबत घरोघरी गेले. तिच्या काकूचा फोन आला तेव्हा मला कळलं.

लग्न मोडलं नाही. नवऱ्या मुलाला डाग आधीच ठाऊक होते. पण मांडवात बाया तिच्या तोंडाकडे न बघता पाठीकडे बघत होत्या. मी नवरीची माफी मागायला गेले. ती ओरडली नाही, रडलीही नाही. "मावशी, ज्याले सांगणं व्हतं त्याले मी सांगेल व्हतं. बाकीसले तुमी सांगी दिधं," एवढंच म्हणाली. तू असतीस तर भर मांडवात थप्पड मारली असतीस. ती थप्पड मला हवी होती.

सून म्हणते, आईला पत्र लिहिताय तर त्याचा फोटो टाका, लोक रडतील. तिच्यावर मी इतकी ओरडले की शेजारीण दारात आली. हा कागद घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवणार आहे, तिथे सूनही हात घालत नाही. काकूचा फोन आल्याबरोबर व्हिडिओ काढून टाकला, असं मी सगळ्यांना सांगते, आणि काढला तो खराच. पण काढण्याआधी किती जणांनी पाहिला ते बघितलं, माय. आकडा बघून मला बरं वाटलं होतं.