हात वर होईपर्यंत

८ जुलै २००९
पोचले एकदाची कॅनडाच्या पश्चिमेला, कॅरिबूच्या डोंगरांत! रेजिना शहराच्या सपाटीला कंटाळलेल्या डोळ्यांची चंगळ आहे. कामही झकास. सोन्याच्या खाणींचा हा मुलूख शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी नकाशावर आणला, त्यांचे फोटो त्याच जागांवरून पुन्हा काढायचे. जोडीला जोशुआ, टोरंटोत वाढलेला, घरचे मूळ अलिबागकडचे, त्यामुळे आमची भांडणं मराठीत होतात. समोरच्या कड्यावर तो मोजणीची पट्टी धरून उभा राहतो, मी कॅमेऱ्यामागे. नियम जुनाच: कॅमेऱ्यापासून हात वर झाल्याशिवाय पट्टीवाल्यानं जागा सोडायची नाही.

११ जुलै
जुन्या फोटोत त्याच कड्यावर एक म्हातारा पट्टीवाला आहे. आमचा साहेब ॲडम म्हणाला, तो परतलाच नाही. धुकं आलं तसे बाकीचे हात न करताच उतरून गेले. माझं डोकंच फिरलं. माणसाला उभं करून विसरतात म्हणजे काय?

१३ जुलै
आजच्या फोटोत जोशुआच्या शेजारी तो म्हातारा आहे. तीच लाकडी पट्टी. जोशुआला तिथे कोणी दिसलं नव्हतं. मी फोटो मोठा करून दहादा बघितला. बिचारा म्हातारा अजून हाताचीच वाट बघतोय. उद्या मी करणार त्याला हात.

१४ जुलै
केला. म्हातारा उतरला, माझ्या अगदी जवळून गेला. जोशुआ तिथेच. वॉकीटॉकीवर म्हणाला, "जाई, पाय निघत नाहीयेत. आय ॲम सीरियस. परत हात कर ना." किती वेळा केला! त्या जागेला कोणीतरी लागतंच, आता कळतंय.

ॲडमचा निरोप: धुकं येतंय, तू खाली ये, त्याचं उद्या बघू. तेव्हाही असंच म्हणाले असतील. नाही येत, जा!

१५ जुलै, कड्यावर
पट्टी मी घेतली. जोशुआचे पाय सुटले. तो जाईना, तेव्हा शिव्या घालून हाकलला. तिकडे पोचताच हात करतो म्हणाला. तो विसरणारा नाही.

माझे पाय आता —
भीती वाटते. वाटू दे. मला इथे कोणी विसरलेलं नाही, मी स्वतः आलेय; जोशुआला हात लागू पडला नाही, मला कदाचित पडेल. मुकाट्यानं उभी राहणार नाही, सांगून ठेवते.

धुकं.
जोशुआ पोचला — कॅमेऱ्यापाशी — दिसतोय अजून —
हात उचलतोय, वर —